‘क्लोज ऑफ प्ले फ्रायडे’ : उद्यमबागेतल्या एका मेलचा प्रकरण अभ्यास

बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छेत, होनग्यात जे लहान-मध्यम मशीनशॉप आणि फाउंड्रीचे कारखाने आहेत, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी इंग्रजी पत्रव्यवहार एकाच पोराच्या गळ्यात असतो. मराठी शाळेतून एसएसएलसी झालेला, मग डिप्लोमा केलेला, शॉपमध्ये कानडी आणि मराठी दोन्ही सारखंच बोलणारा, ट्रकवाल्यांशी हिंदीत निभावणारा, आणि इंग्रजी वाचून कळतं म्हणून ऑफिसात बसवलेला. डिस्पॅच तोच बघतो, ई-वे बिल तोच काढतो, आणि परदेशी गिऱ्हाइकाचा मेल आला की तोही त्याच्याच पुढ्यात येतो. हे प्रकरण अशाच एका पोराचं आणि त्याला आलेल्या एका मेलचं आहे. कारखान्याचं नाव देत नाही, मालाचे तपशीलही थोडे बदलले आहेत. वाक्प्रचार तेच ठेवलेत, कारण घोळ त्यांच्यातच झाला.

मी इंग्रजी शिकवतो. मालकांनी मला बोलावलं तेव्हा घोळ होऊन गेलेला होता आणि त्यांना हवी होती ती एक यादी. ‘इंग्रजीतले शंभर-दोनशे वाक्प्रचार आणि त्यांचे मराठी अर्थ लिहून द्या, पोरगं पाठ करंल.’ यादी मी दिली नाही. का दिली नाही ते पुढे येईलच.

आधी मेल. कारखाना कास्ट आयर्नचे गिअर करतो. कास्टिंग बाहेरच्या फाउंड्रीतून येतं. टर्निंग आणि दात पाडायचं हॉबिंग इथं होतं. इंग्लंडमधल्या एका नव्या गिऱ्हाइकाला पहिला लॉट गेला होता. ट्रकनं कोल्हापूर-पुण्यावरून न्हावाशेवा, तिथून बोट. जुलै महिन्यात, मंगळवारी संध्याकाळी, तिथल्या खरेदी-अधिकाऱ्याचा मेल आला. लांब नव्हता. मराठीत त्याचा सांगाडा असा होता : पहिल्या लॉटमध्ये काही ‘टीदिंग प्रॉब्लेम्स’ होते, पण ते अपेक्षितच होते. गंजाबाबत आम्ही ‘अ लिटल कन्सर्न्ड’ आहोत. दुसऱ्या लॉटला ‘लेट्स नॉट कट कॉर्नर्स’. वर्षभराचा जो अंदाज आधी पाठवला होता तो ‘विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’ घ्या. आणि शेवटच्या परिच्छेदात : एका नव्या पार्टचं ड्रॉइंग जोडलंय, त्याची ‘बॉलपार्क फिगर बाय क्लोज ऑफ प्ले फ्रायडे’ मिळेल का? सही करण्याआधी एक ओळ : ‘द बॉल इज इन युवर कोर्ट.’

इंग्रजी माणसाच्या दृष्टीनं हा मैत्रीचा, सैल, रोजचा मेल आहे. त्यात एकही शब्द अवघड नाही. दात, कोपरा, मीठ, चेंडू, खेळ, शुक्रवार. चौथीच्या पोराला येणारे शब्द. आणि म्हणूनच तो धोक्याचा होता. शब्द अवघड असता तर पोरानं थांबून विचारलं असतं.

त्यानं पहिली ओळ वाचली : ‘टीदिंग प्रॉब्लेम्स’. गिअरचा कारखाना, आणि गिऱ्हाईक म्हणतंय दातांचा प्रॉब्लेम आहे. दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात हा अर्थ कुणाला सुचला नसता. इथं दुसरा सुचणं अवघड होतं. तो थेट शॉपमध्ये गेला. दुसऱ्या लॉटचे काही गिअर तयार होऊन पडले होते. फ्लँज मायक्रोमीटर काढलं, गिअरच्या दातांवरून स्पॅन मोजणं सुरू झालं, रनआउट (गिअर फिरताना किती हेलकावतो ते) बघितला गेला, हॉबिंगवाल्याला कानडीतून आणि मराठीतून दोन्हीकडून बोलणी बसली. सगळं ड्रॉइंगबरहुकूम निघालं. बुधवार-गुरुवार त्यात गेले. गुरुवारी रात्री त्यानं उत्तर पाठवलं : सगळे दात तपासले, सगळे मापात आहेत, तक्रार कोणत्या दाताबद्दल आहे ते कळवावे.

तान्ह्या पोराला दात यायला लागले की ते किरकिर करतं, ताप येतो असं आयाबाया म्हणतात, आणि दात आले की सगळं आपोआप शांत होतं. ‘टीदिंग प्रॉब्लेम्स’ म्हणजे ती किरकिर. नव्या कामाची घडी बसेपर्यंत येणाऱ्या बारीकसारीक अडचणी. पहिल्या लॉटमध्ये एका खोक्यावरचं लेबल चुकलं होतं आणि काही नगांच्या तेलाच्या छिद्रात बर (कापताना कडेला राहणारा धातूचा कंगोरा) राहिली होती, एवढंच. त्या ओळीत तक्रार नव्हतीच; उलट धीर होता. ‘होतं असं सुरुवातीला’ हे तो सांगत होता.

‘कट कॉर्नर्स’चीही तीच गत झाली असती. गिअरच्या कडेला ड्रॉइंगवर १ बाय ४५ अंशांचा चॅम्फर आहे, म्हणजे धारदार कोपरा मारायचा असतो. पोरानं वाचलं की कोपरे मारू नका म्हणतायत. तो लेथवाल्याला सांगायला गेला तेव्हा सुपरवायझर आडवे आले. वयानं मोठे, खानापूरकडचे, इंग्रजीचा गंध नाही, सगळे त्यांना मामा म्हणतात. ते म्हणाले, ‘ड्रॉइंगवर चॅम्फर हाय न्हवं? मग? नवीन रिव्हिजनचं ड्रॉइंग आण, मी चॅम्फर काढतो. मेलात काय पण लिहितील.’ यातलं व्याकरण, वाक्प्रचार काहीही न कळता मामांनी लॉट वाचवला. मशीनशॉपचा जुना नियम आहे तो : ड्रॉइंग बदलल्याशिवाय माप बदलायचं नाही. परक्या भाषेत काम करणाऱ्याला असा एखादा नियम दहा वाक्प्रचारांपेक्षा जास्त उपयोगी पडतो, असं माझं मत आहे. ‘कट कॉर्नर्स’चा अर्थ आपल्याकडे नेमका आहे : पाट्या टाकणं. काम उरकून टाकायला मधल्या पायऱ्या गाळणं. ‘दुसऱ्या लॉटला पाट्या टाकू नका’ एवढंच त्याला म्हणायचं होतं. आता ‘पाट्या टाकू नका’ हे शब्दशः इंग्रजीत लिहून त्याला पाठवलं असतं, तर त्यानं बिचाऱ्यानं कुठल्या पाट्या तपासल्या असत्या कोण जाणे.

हे दोन किस्से कारखान्यात अजून हसून सांगितले जातात. मलाही मालकांनी तेच आधी सांगितले, यादी हवी होती ती यांच्यामुळेच. पण मेलची अख्खी साखळी वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की या दोन्हींत नुकसान जवळपास शून्य आहे. दात तपासण्यात दोन दिवस गेले, गिऱ्हाईक थोडं चक्रावलं, संपलं. खरं नुकसान झालं ते शेवटच्या परिच्छेदात, जिथं कुणी हसलं नाही, कारण तिथं काही झालंच नाही.

‘क्लोज ऑफ प्ले’ हा क्रिकेटचा शब्द आहे. कसोटी सामन्यात दिवसाचा खेळ संपतो ती वेळ. ब्रिटिश ऑफिसांत तो ‘दिवसाचं काम संपेपर्यंत’ या अर्थानं सर्रास लिहिला जातो. पोरानं वाचलं : क्लोज, फ्रायडे. शुक्रवारी त्यांच्याकडे बंद आहे. मोबाइलमधल्या भाषांतरानं ‘शुक्रवारी खेळ संपेपर्यंत’ असं दिलं, त्यावरून त्याला वाटलं की तिकडं काहीतरी स्पर्धा वगैरे असणार, सुट्टी दिसतेय. ‘बॉलपार्क फिगर’ त्याला त्याच खेळाचा भाग वाटला. आणि शुक्रवारी ऑफिस बंद म्हटल्यावर नव्या पार्टचं ड्रॉइंग सोमवारी मालकांना दाखवू, असं ठरवून त्यानं ते फोल्डरमध्ये ठेवलं.

तो परिच्छेद म्हणजे अख्ख्या मेलचा मुद्दा होता. बाकी सगळं पानावरचं लोणचं-कोशिंबीर होतं, भात इथं होता. गिऱ्हाइकाला आपल्या पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये त्या पार्टचा अंदाजे भाव टाकायचा होता, आणि शुक्रवारपर्यंत टाकायचा होता. यांच्याकडून काहीच आलं नाही. आलं ते दातांबद्दल एक विचित्र पत्र. त्यानं दुसऱ्या पुरवठादाराकडून आकडा घेतला. सोमवारी मालकांनी ड्रॉइंग बघून स्वतः फोन लावला, तेव्हा तो सभ्यपणे म्हणाला की आकडा गेलाय, तरी तुम्ही कोटेशन पाठवून ठेवा.

इथं एक गोष्ट मालकांना मी तोंडावर सांगितली आणि ती त्यांना आवडली नाही. समजा, पोराला ‘बॉलपार्क फिगर’ समजली असती. म्हणजे ढोबळ आकडा, अडसट्ट्यानं सांगितलेला. मूळ शब्द अमेरिकन बेसबॉलचा. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान, आणि आकडा त्या मैदानाच्या हद्दीत पडला तरी पुरे, नेमक्या जागी पडायची गरज नाही. समजा, हे सगळं कळून त्यानं मंगळवारी रात्रीच मालकांना विचारलं असतं. मालकांनी शुक्रवारपर्यंत आकडा दिला असता का? ते स्वतःच म्हणाले, ‘कास्टिंगचा रेट आल्याशिवाय कसा देणार? एकदा लिहून दिला की तोच धरून बसत्यात.’ आपल्याकडे ही भीती खरी आहे. अडसट्टा तोंडी असतो, भिंतीला टेकून, चहा पिताना. कागदावर लिहिलेला आकडा म्हणजे शब्द. इंग्रजी व्यापारात लिहिलेला ढोबळ आकडाही चालतो, फक्त तो ढोबळ आहे हे त्याच ओळीत लिहायचं असतं. अमुक ते अमुक पौंड प्रति नग, एक्स-वर्क्स (माल कारखान्याच्या दारात, वाहतूक वेगळी), कास्टिंगचा आजचा भाव धरून, पक्कं कोटेशन फाउंड्रीचा दर आल्यावर. असा आकडा कुणावर बंधनकारक नसतो आणि बजेटमध्ये आपलं नाव मात्र जातं. म्हणजे वाक्प्रचाराचा अर्थ कळणं वेगळं आणि त्यामागचा रिवाज कळणं वेगळं. दुसरी गोष्ट कुठल्याही यादीत मिळत नाही.

आणि वेळ. ‘क्लोज ऑफ प्ले’ कुणाच्या घड्याळानं? लिहिणाऱ्याच्या. उन्हाळ्यात ब्रिटनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं, हिवाळ्यात साडेपाच. तिथले संध्याकाळचे पाच म्हणजे जुलैत आपले रात्रीचे साडेनऊ, जानेवारीत साडेदहा. शुक्रवारी सहाला ऑफिस बंद करून घरी गेलेल्या बेळगावकराच्या हातात तेव्हा अजून साडेतीन तास असतात. हे कळल्यावर मालकांना जास्त हळहळ वाटली.

आता ‘अ लिटल कन्सर्न्ड’. याकडे पोरानं दुर्लक्ष केलं, कारण ‘लिटल’ म्हणजे थोडंसं, आणि दातांच्या मोठ्या तक्रारीपुढं थोडीशी काळजी कोण बघतो? ब्रिटिश माणूस जेव्हा लिहितो की मी ‘अ लिटल कन्सर्न्ड’ किंवा ‘अ बिट डिसअपॉइंटेड’ आहे, तेव्हा तो बऱ्यापैकी नाराज असतो. आवाज न चढवता नाराजी सांगायची ती पद्धत आहे, आणि ओरडा त्या ‘थोडं’मध्येच लपलेला असतो. गिअर पावसाळ्यात पॅक झाले होते, गंजरोधक व्हीसीआय कागद नीट गुंडाळला नव्हता, बोटीतल्या दमट हवेनं बाकीचं काम केलं. म्हणजे वजन दोन्हीकडून उलटं वाचलं गेलं : जो धीर होता ती तक्रार ठरली, जी तक्रार होती ती किरकोळ ठरली. शहापूर-वडगावातल्या एखाद्या आजीनं सुनेला ‘भाजी बरी झालीय हं’ म्हटलं, तर त्या ‘बरी’चं वजन सुनेला बरोबर कळतं. पोराला ते मराठीत कळतंच. इंग्रजीत कुणी सांगितलंच नाही की तिथंही असं वजन असतं.

मिठाचं प्रकरण थोडक्यात. अंदाज ‘विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’ घ्या म्हणजे तो पूर्ण खरा धरू नका. आपल्याकडे तिखट-मीठ लावतो तो सांगणारा. इंग्रजीत चिमूटभर मीठ घेतो तो ऐकणारा. गिऱ्हाईक म्हणत होतं की माझ्या विक्रीवाल्यांनी दिलेला आकडा आहे, त्याच्या भरवशावर माल भरून ठेवू नका. इकडं कारखान्याच्या खरेदीवाल्यानं पूर्ण अंदाजाच्या हिशेबानं कास्टिंगची ऑर्डर आधीच फाउंड्रीला दिली होती. ती नंतर फोन करून कमी करून घेतली, फाउंड्रीवाला ओळखीचा म्हणून जमलं.

एक वाक्प्रचार मात्र पोराला लगेच समजला होता, तो म्हणजे ‘बॉल इज इन युवर कोर्ट’. कसा? तो हसला आणि म्हणाला, ‘पेपरात रोज असतंय की सर.’ बेळगावात मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला चेंडू केंद्राच्या कोर्टात, चेंडू राज्याच्या कोर्टात, हे वाक्य तोंडपाठ असतं. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केल्यापासून तर इथं ‘कोर्ट’ या शब्दाला दोन-दोन अर्थ चिकटलेत आणि वाचणाऱ्याची कुठंही गल्लत होत नाही. पाठ न करता, अनेकदा, प्रसंगासकट वाचून तो वाक्प्रचार त्याच्या अंगात मुरला होता.

याच पोरानं बँकेच्या परीक्षेसाठी टिळकवाडीत क्लास लावला होता. तिथली इडियम्सची वही त्यानं मला दाखवली. ‘व्हाइट एलिफंट’, ‘अकिलीज हील’, ‘किक द बकेट’, ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’. सगळे अर्थ पाठ, एकही चुकला नाही. त्यातला एकही त्या मेलमध्ये नव्हता. ‘कॅट्स अँड डॉग्ज’ तर आजचा इंग्रज क्वचितच म्हणतो. तो ‘पोरिंग’ म्हणतो, ‘बकेटिंग डाउन’ म्हणतो. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणं, पण ते थट्टेत. कुणाच्या वडिलांच्या निधनाच्या मेलला उत्तर देताना ते लिहिलं तर संबंध तिथंच संपले. परीक्षेला अर्थ लागतो. कोण, कुणाला, कोणत्या प्रसंगी म्हणतो हे लागत नाही. कारखान्यात नेमकं तेच लागतं.

यादी न देण्याचं दुसरं कारण मालकांच्या दुसऱ्या गिऱ्हाइकानं पुरवलं, तो अमेरिकन आहे. त्याच्याबरोबरच्या एका कॉलमध्ये तो पॅकिंगच्या खर्चाबद्दल म्हणाला, ‘लेट्स टेबल दॅट.’ अमेरिकेत याचा अर्थ विषय बाजूला ठेवू, नंतर बघू. ब्रिटनमध्ये नेमका उलटा : विषय चर्चेला घेऊ. चर्चिल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासात नोंदवलंय की या एका शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांत बैठकीत बराच वेळ वाद झाला. दोघांनाही एकच हवं होतं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा त्यांची ही गत. यादीत ‘टेबल’पुढं कुठला अर्थ लिहिणार?

खेळांचंही तसंच. आपल्या पोरांना क्रिकेट येतं म्हणून क्रिकेटचे वाक्प्रचार सोपे जातील असं वाटतं, आणि ‘ऑन द बॅक फूट’ जातोही, मराठीत तो रोजच आहे. पण ‘द न्यूज नॉक्ड मी फॉर सिक्स’ वाचून हा पोरगा म्हणाला, बातमीनं त्याला लई आनंद झाला. षटकार म्हणजे आपल्याकडे जल्लोष. यूनियन जिमखान्यावर टेनिस बॉलची मॅच बघणाऱ्याला दुसरं काय सुचणार? इंग्रजीत मात्र तो माणूस फलंदाज नसतो, चेंडू असतो. बातमीनं त्याला पार उडवून लावलं, तो हादरला. बेसबॉल तर आपल्याला ठाऊकच नाही, त्यामुळे ‘टच बेस’ (म्हणजे थोडक्यात बोलून घेऊ), ‘स्टेप अप टू द प्लेट’ (पुढं होऊन जबाबदारी घेणं, जेवणाच्या ताटाचा संबंध नाही) हे कोडंच वाटतं. ‘आय विल टेक अ रेन चेक’ असं अमेरिकन पाहुणा जेवणाच्या आमंत्रणाला म्हणाला, तर तो पाऊस बघायला खिडकीशी जाणार नसतो. ‘आज नको, पुन्हा कधीतरी’ एवढंच. पावसानं सामना रद्द झाला की प्रेक्षकाला पुढच्या सामन्यासाठी चिठ्ठी मिळायची, तीवरून आलंय ते.

मग पोराला शिकवलं काय? सुरुवात कानडीपासून केली, कारण ती त्याची आहे. मी विचारलं, ‘मळे कै कोट्टितु’ म्हणजे काय? तो पटकन म्हणाला, पावसानं दगा दिला. शब्दशः काय? पावसानं हात दिला. मराठीत ‘हात दिला’ म्हणजे मदत केली. कानडीत ‘कै कोट्ट’ म्हणजे ऐनवेळी टांग दिली. इंग्रजीत ‘गिव्ह मी अ हँड’ पुन्हा मदत. बैलहोंगलचा ऑपरेटर ‘करेंट कै कोट्टितु’ म्हणतो तेव्हा हा पोरगा एक क्षणही ‘विजेनं मदत केली’ असं समजत नाही. कुणी त्याला शिकवलं नाही. तो ओरडणाऱ्याचं तोंड बघतो, बंद पडलेलं मशीन बघतो, आणि अर्थ लावतो. सीमाभागातल्या माणसाकडं हे कसब जन्मापासून असतं, फक्त इंग्रजी समोर आलं की तो ते बाजूला ठेवतो आणि डिक्शनरी उघडतो. इंग्रजीला आपण अजून परीक्षेचा विषय समजतो, शेजाऱ्याची बोली नव्हे.

कामाची पद्धत आम्ही साधी ठरवली. मेल आला की शेवटचा परिच्छेद आधी वाचायचा, कारण इंग्रजी मेलमध्ये मागणं बहुधा तिथं, नाही तर अगदी पहिल्या ओळीत असतं. मग वहीत मराठीत लिहायचं : त्यानं काय मागितलंय, कुणी करायचंय, कधीपर्यंत, आणि त्याची नाराजी किती. दात, मीठ, कोपरा ही चित्रं या प्रश्नांपुढं आपोआप गळून पडतात. मेलमध्ये कारखान्याचा शब्द दिसला पण त्याला पार्ट नंबर, माप किंवा संख्या चिकटलेली नसली, तर तो शब्द बहुधा कारखान्याचा नसतोच. दाताची खरी तक्रार असती तर गिऱ्हाइकानं कितवा नग, किती मायक्रॉन, फोटोसकट लिहिलं असतं. आणि उत्तरात साध्या इंग्रजीत आपल्याला कळलेलं परत सांगायचं : शुक्रवारी तुमच्या पाच वाजेपर्यंत या ड्रॉइंगचा अंदाजे भाव पाठवतो, बरोबर का? असं विचारणाऱ्याला तिकडं कुणी अडाणी समजत नाही, उलट नीट काम करणारा समजतात.

वापराबद्दल माझा सल्ला मालकांना खटकला. ओळखायला पुष्कळ शिका, वापरायला अगदी थोडे. त्यांचं म्हणणं, आपल्याही मेलमध्ये चार भारी वाक्प्रचार हवेत, गिऱ्हाइकावर छाप पडते. मी साखळीतला त्यांचाच एक जुना मेल काढून दाखवला. त्यात लिहिलं होतं की प्रोप्रायटर ‘आउट ऑफ स्टेशन’ आहेत, रिव्हिजन सी ड्रॉइंगवर ते आल्यावर ‘रिव्हर्ट’ करू, तोवर ‘काइंडली डू द नीडफुल’. आपल्या ऑफिसांतलं हे रोजचं इंग्रजी, त्यात आपल्याला काही वावगं दिसत नाही. इंग्रजानं ‘स्टेशन’वर कदाचित रेल्वेचं समजून घेतलं असेल. ‘नीडफुल’ त्याला आजोबांच्या काळातलं वाटलं असेल, आणि नेमकं काय करायचं ते कळलंच नसेल. पण ‘रिव्हर्ट’ हा खरा घात होता. आपल्याकडे त्याचा अर्थ उत्तर देणं. ब्रिटनमध्ये त्याचा रूढ अर्थ पूर्वस्थितीला परत जाणं. साखळीत त्याचं उत्तर होतंच : रिव्हिजन सी मंजूर झालेली असताना तुम्ही मागं का जाताय? हे उत्तर कारखान्यात तेव्हा कुणाला उलगडलं नव्हतं, नुसतंच फाइल झालं होतं. म्हणजे दातांचा गोंधळ एकतर्फी नव्हता. तिकडंही कुणीतरी आपलं इंग्रजी वाचून चुकीचं ड्रॉइंग शोधत बसलं होतं.

त्यानंतर मालकांनी ‘रिव्हर्ट’ सोडलं. ‘डू द नीडफुल’ सुटायला वेळ लागेल, बँकेच्या पत्रांत ते अजून लागतं.

नव्या पार्टचं कोटेशन यथावकाश गेलं, आणि पहिल्या गिअरचे लॉट चालू राहिले, आता व्हीसीआय कागद दोन पदरी गुंडाळून. नव्या पार्टचं काम या कारखान्याला मिळालं नाही. भाव जास्त होता म्हणून की नाव उशिरा गेलं म्हणून, हे गिऱ्हाईक सांगत नाही आणि विचारण्यात अर्थही नाही.

मेलचं गाडं रुळावर आलं असलं तरी कॉलचं आलेलं नाही. कॉलवर वहीत लिहायला वेळ मिळत नाही, उच्चार वेगळे, लाइन तुटते, आणि समोरचा बोलण्याच्या ओघात तीन वाक्प्रचार टाकून पुढं गेलेला असतो. पोराला मी सांगितलंय की सरळ थांबवून विचार, ‘म्हणजे आम्ही नेमकं काय करायचं?’ मालकांना हे पटत नाही. गिऱ्हाइकासमोर आपल्याला कळलं नाही असं दिसू द्यायचं नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. सध्या तडजोड अशी आहे की कॉलवर मालक बोलतात, पोरगा शेजारी बसून टिपून घेतो, आणि त्याच रात्री साडेनऊच्या आत गिऱ्हाइकाला साध्या वाक्यांत मेल जातो : आज ठरलं ते असं, काही वेगळं असेल तर उद्या कळवा.